पंडिता रमाबाई : विश्वास आणि कारभारीपण

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ‘कारभारी’ या शब्दाला एक विशिष्ट अर्थ प्राप्त झाला आहे. कारभारी हा धनी नव्हे. जे त्याच्या हाती असते ते दुसऱ्याचे असते. त्याने ते सांभाळायचे, वाढवायचे आणि मागणी होईल त्या दिवशी त्याचा हिशेब द्यायचा. नव्या करारातील दाखल्यांमधून आलेली ही कल्पना केवळ द्रव्यापुरती मर्यादित नाही. बुद्धी, भाषा, वेळ, आश्रयाला आलेली माणसे आणि स्वतःचा आत्मा हे सारेच ख्रिस्ती दृष्टीने सोपविलेले धन ठरते. या कल्पनेला दुसरी एक बाजू आहे. द्रव्याचा कारभार मुखत्यारामार्फत चालू शकतो. आत्म्याची वाढ मात्र दुसऱ्याकडे सोपविता येत नाही. मंडळी, गुरू, धर्मपंडित मार्ग दाखवू शकतात. चालावे ज्याचे त्यालाच लागते. या दोन जबाबदाऱ्या एकाच व्यक्तीच्या आयुष्यात एकत्र आल्या आणि काही प्रसंगी परस्परांसमोर उभ्या ठाकल्या, याचे एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे चरित्र होय.

रमाबाईंकडे आजवर प्रामुख्याने तीन दृष्टींनी पाहिले गेले आहे. सुधारणेच्या इतिहासात त्या स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी ठरतात. मिशनच्या इतिहासात श्रद्धेच्या बळावर संस्था चालविणाऱ्या साध्वी ठरतात. आणि राष्ट्रवादी परंपरेच्या एका प्रवाहात स्वधर्म सोडून गेलेल्या विदुषी ठरतात. या तिन्ही प्रतिमांत तथ्यांश आहे. तथापि त्या एकमेकींपासून तोडून पाहिल्या की रमाबाईंच्या आयुष्यातील आंतरिक संगती हरवते. मिळालेल्या वस्तूचे काय करायचे आणि त्याचा जाब कोणाला द्यायचा, हा प्रश्न त्यांच्या बालपणापासून अखेरच्या दिवसापर्यंत त्यांच्यासमोर उभा होता. त्या प्रश्नाच्या अनुषंगाने त्यांच्या चरित्राची मांडणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण घराण्यातील व्युत्पन्न पंडित होते. दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात एका शास्त्र्याकडून राणीला संस्कृतचे पाठ दिले जात असल्याचे त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिले होते आणि तेव्हापासून आपल्या पत्नीलाही संस्कृत शिकवावे, हा विचार त्यांच्या मनात मूळ धरून होता. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिच्या बाबतीत त्यांनी तो अमलात आणला. जातीच्या लोकांचा रोष झाला, उडुपीच्या धर्मपीठासमोर शास्त्राधारे समर्थन करावे लागले, आणि अखेरीस वस्तीपासून दूर अरण्यात आश्रम थाटून त्यांनी अध्ययन-अध्यापन चालविले.

या आश्रमाचा शेवट रमाबाईंच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तीर्थस्थान जवळ असल्यामुळे यात्रेकरू, अतिथी आणि विद्यार्थी यांचा ओघ सतत असे. अनंतशास्त्र्यांनी कोणालाही विन्मुख पाठविले नाही. जमिनीचे उत्पन्न या आदरातिथ्याला पुरेना, कर्ज वाढत गेले आणि अखेर स्थावर विकून कुटुंबाला बाहेर पडावे लागले. त्या वेळी रमाबाई काही महिन्यांच्या होत्या. पुढची कित्येक वर्षे हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे हिंडत राहिले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचावे, श्रोते जे अर्पण करतील त्यावर निर्वाह करावा आणि त्यातूनही दानधर्म करावा, असा हा जीवनक्रम होता. आईने रमाबाईंना संस्कृत शिकविले. भागवतासारखा ग्रंथ त्यांना लहान वयात मुखोद्गत झाला.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. साठविलेले द्रव्य ब्राह्मणांना दान देण्यात, व्रते आणि अनुष्ठाने करण्यात संपले. भीक मागण्यास मन धजेना आणि अंगमेहनतीचे काम करण्याची ना सवय होती ना शिक्षण. उपासमारीत प्रथम वडील, पाठोपाठ आई आणि नंतर थोरली बहीण मरण पावली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. पुढे स्वतःच्या दुष्काळातील अनुभवांविषयी लिहिताना रमाबाईंनी या शोकांतिकेचे कारण नशिबावर ढकलले नाही. विद्या होती, पुण्यसंचयाची श्रद्धा होती, उदारपणा होता. पण हातांना काम माहीत नव्हते आणि कुलाभिमान आड येत होता, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. पित्याविषयीचा त्यांचा आदर कधी उणावला नाही. तरीही पित्याच्या औदार्यातील बेहिशेबीपणा त्यांना उमगला होता. केडगावच्या संस्थेत प्रत्येक मुलीला कोणता ना कोणता हातउद्योग आलाच पाहिजे, हा जो आग्रह पुढे दिसतो, त्याचे बीज या दुष्काळात आहे.

२

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या स्त्रीचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून तेथील विद्वानांनी परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. व्याख्यानांमुळे कीर्ती झाली. याच काळात केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत देऊन वाचण्यास सांगितले. स्त्रीला वेदाधिकार नाही हे त्या घरात शिकल्या होत्या. आता धर्मशास्त्रे स्वतः वाचताना त्यांच्या लक्षात आले की अनेक बाबतींत भिन्न मते देणारे शास्त्रग्रंथ स्त्रिया आणि शूद्र यांना मोक्षाचा स्वतंत्र मार्ग नाकारण्याच्या बाबतीत मात्र एकमत आहेत. त्यांच्या धर्मविषयक असमाधानाचा उगम या वाचनात आहे. आत्म्याच्या वाढीची जबाबदारी ज्याची त्याच्यावर असेल, तर ती पार पाडण्याचा अधिकारही त्याला असलाच पाहिजे, हा निष्कर्ष त्यांनी तेव्हा शब्दांत मांडला नसेल; पुढील प्रत्येक निर्णयात तो गृहीत धरलेला दिसतो.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी जूनमध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या शूद्र जातीत जन्मलेल्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चर येथील संसार दोन वर्षांहून कमी काळ टिकला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबिहारींचा अंत झाला. सिल्चरच्या घरातील पुस्तकांमध्येच लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली होती.

लहान मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाजाची स्थापना केली, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. हे पुस्तक आशयाच्या दृष्टीने त्यांच्या नंतरच्या लेखनाइतके बंडखोर नाही. स्वावलंबन, विद्या आणि सदाचार यांचा उपदेश संस्कृतप्रचुर मराठीत करणारे ते पुस्तक आहे. परंतु इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च त्यांनी या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला, ही बाब लक्षणीय आहे. स्वतःच्या विद्येवर स्वतःचा मार्ग काढण्याची ही पद्धत त्यांच्या स्वभावाचा भाग होती. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या संघातील भगिनींकडे इंग्रजी शिकण्यासाठी जातानाही आपण त्यांना मराठी शिकवू, अशी परतफेडीची व्यवस्था त्यांनी ठरवून घेतली होती.

३

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्याआधी त्यांच्या सोबतीला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्मघात केला होता. या आघाताच्या सावलीत झालेले हे धर्मांतर पुण्यात अनेकांना धक्का देणारे ठरले. भगिनींनी लंडनमधील फुलहॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले आश्रयस्थान पाहून आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून ख्रिस्ताविषयी आपले मन वळले, असे त्यांनी नंतर सांगितले. टाकून दिलेल्या स्त्रीलाही पुन्हा उभे राहता येते, हा विचार त्यांना अन्यत्र आढळला नव्हता.

बाप्तिस्म्यानंतरची तीन वर्षे रमाबाईंच्या आध्यात्मिक चरित्रात कसोटीची ठरली. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीत होत्या. तेथील मुख्याध्यापिका डॉरोथिया बील यांच्याशी त्यांचा मोकळा वैचारिक संवाद होता. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता होत्या, आणि त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार मात्र दीर्घ संघर्षाचा आहे. त्रैक्याचा सिद्धांत, येशूचे ईश्वरत्व, बिशपांचा अधिकार, आहारातील शाकाहाराचा आग्रह, मनोरमेचे धर्मशिक्षण कोणी आणि कसे करावे, अशा अनेक प्रश्नांवर त्यांच्यात मतभेद झाले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या शक्यतेला हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा रमाबाईंचा क्षोभ विशेष तीव्र झाला. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला, आणि त्यामुळे रमाबाईंच्या धर्मांतराचा विचार नव्याने करणे शक्य झाले.

या पत्रांतील रमाबाईंची भूमिका अहंकाराची होती, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. सिस्टर जेराल्डिन यांना त्यांच्यात शिष्याला आवश्यक असलेल्या विनयाचा अभाव दिसत होता. रमाबाईंच्या बाजूने पाहिले असता चित्र निराळे दिसते. एका धर्मसत्तेने स्त्रीला शास्त्र वाचण्याचा अधिकार नाकारला म्हणून ती सोडलेली ही स्त्री होती. दुसऱ्या धर्मसत्तेने शास्त्र हाती देऊन त्याचा अर्थ मात्र आपल्याकडे राखून ठेवावा, हे तिला मान्य होणे शक्य नव्हते. पुरोहितांच्या एका वर्गाच्या बंधनातून सुटून दुसऱ्या वर्गाच्या बंधनात शिरण्यासाठी आपण आलो नाही, हा त्यांच्या उत्तरांचा गाभा आहे. भगिनींचे ऋण त्यांनी नाकारले नाही. अन्न, निवारा आणि शिक्षण यांबद्दल कृतज्ञता त्यांनी वारंवार व्यक्त केली. पण सद्सद्विवेकबुद्धी हे त्या ऋणाच्या फेडीत द्यावयाचे चलन नव्हे, हे त्या निक्षून सांगत राहिल्या. ख्रिस्ती मंडळीतील सभासदत्व आणि ख्रिस्ती श्रद्धेतील वाढ या दोन गोष्टींमधील हा भेद त्या काळातील मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनात क्वचितच इतक्या स्पष्टपणे उमटला असेल.

४

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. काही आठवड्यांसाठी केलेला हा प्रवास जवळजवळ तीन वर्षे लांबला. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. व्याख्यानांमुळे अमेरिकेत ठिकठिकाणी त्यांच्या नावाची मंडळे स्थापन झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. उच्चवर्णीय विधवांसाठी हिंदुस्थानात काढावयाच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन या संस्थेने दिले. शाळा धर्मप्रसार करणार नाही आणि विद्यार्थिनींना आपले आचार पाळण्याची मोकळीक राहील, ही तिची प्रमुख अट होती. रमाबाईंनी ती स्वेच्छेने मान्य केली. या प्रवासाचे वाङ्मयीन फळ म्हणजे १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. सार्वजनिक संस्था, स्त्रियांची संघटनशक्ती, लोकांनी लोकांच्या कामासाठी गोळा केलेल्या पैशाची व्यवस्था यांचे त्यातील निरीक्षण पाहिले म्हणजे लेखिका नुसती प्रवासिनी नसून भावी संस्थाचालक या नात्याने पाहत होती, हे जाणवते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांच्या पुढील कार्याशी शारदा सदनाचा हा दुवा मराठी समाजाला परिचित आहेच. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळात होते. सदनात स्वयंपाकाचे सोवळे पाळण्याची व्यवस्था होती, देवपूजेला आडकाठी नव्हती.

तथापि पेच उद्भवला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे. काही मुली त्या प्रार्थनेला बसू लागल्या. १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या स्वतःच्या श्रद्धेत मोठे स्थित्यंतर झाले होते. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त स्वीकारला नाही, अशी जाणीव त्यांना होऊन त्यांच्या भक्तीला नवी उत्कटता आली होती. तिचा परिणाम भोवतालच्या मुलींवर होणे अटळ होते. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या प्रकरणाचा न्याय करताना दोन्ही पक्षांची बाजू नीट पाहिली पाहिजे. रमाबाईंनी सक्ती केली, असा पुरावा नाही. बोस्टनच्या मंडळीनेही अखेर त्यांच्यावरील विश्वास कायम ठेवला. स्वतःच्या घरात स्वतःच्या देवाची प्रार्थना लपून करावी, अशी अपेक्षा कोणाही श्रद्धावंताकडून करणे योग्य नव्हते, हे त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. परंतु पालकांची तक्रारही पोकळ नव्हती. निराधार बालविधवेला ज्या घरात पहिल्यांदा मायेचा शब्द ऐकू येतो, त्या घरच्या मालकिणीचे उघडे दार हे इतर दारांसारखे तटस्थ असू शकत नाही. माया हीसुद्धा एक सत्ता असते. पालकांनी मुली सोपविल्या होत्या त्या विद्येसाठी. त्या सोपवणुकीच्या मर्यादा कोठे संपतात आणि मुलीचे स्वतःचे मन कोठे सुरू होते, याचे उत्तर शारदा सदनाच्या नियमावलीत नव्हते. वाँटेजला स्वतःच्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या रमाबाई आता दुसऱ्यांच्या मुलींच्या सद्सद्विवेकाबाबत जाब देण्याच्या स्थितीत होत्या. मुलींनाही तेच स्वातंत्र्य आहे, हे त्यांचे उत्तर तर्काला धरून होते. पण विश्वस्ताला केवळ तर्क पुरत नाही. आपण कोणत्या नावाखाली काय करीत आहोत, हे सर्वांना स्पष्ट दिसेल अशी व्यवस्था करणे हाही कारभारीपणाचाच भाग असतो. तो धडा रमाबाईंनी घेतला, असे पुढील घटनांवरून म्हणता येते.

५

दहा वर्षांनंतर अमेरिकेची मदत थांबली तर काय, हा विचार रमाबाईंनी लवकरच सुरू केला होता. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणविल्या आणि फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा त्यामागील बेत होता. गंगामूळच्या आश्रमाची जमीन आतिथ्यात विकली गेली होती. कन्येने आश्रितांच्या निर्वाहासाठी जमीन जोडण्यापासून आरंभ केला.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुली आणि विधवा पाहून त्यांना स्वतःचे घराणे आठवले नसते तरच नवल. सुमारे तीनशे मुलींना त्यांनी आणले. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवणे शक्य नव्हते, म्हणून केडगावच्या शेतात तात्पुरत्या झोपड्या उभ्या राहिल्या. प्लेगच्या बंदोबस्तातील सरकारी यंत्रणेच्या गैरवर्तनाविरुद्ध याच काळात रमाबाईंनी उघडपणे लिहिले आणि त्याचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत उमटले. आश्रितांबद्दलचा जाब त्या जसा स्वतः देत, तसा सरकारलाही विचारीत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

१८९८ मध्ये बोस्टनच्या संस्थेचा दहा वर्षांचा करार संपला. रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि साहाय्यक संस्थेची पुनर्रचना झाली. केडगावच्या संस्थेला मुक्ती हे नाव देण्यात आले आणि ती उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालू लागली. धर्मनिरपेक्ष शाळेच्या नावाखाली येणाऱ्या द्रव्याचा संदिग्ध भार आता उरला नाही. देणाऱ्यालाही संस्थेचे स्वरूप ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो मुली आल्या आणि मुक्तीतील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंध मुलींसाठी स्वतंत्र व्यवस्था झाली. फुलहॅमला पाहिलेल्या आश्रयस्थानाची केडगावच्या माळावरील ही परिणती होती.

मुक्तीचा दैनंदिन व्यवहार या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने सर्वाधिक बोलका आहे. शेती, गोठा, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, छापखाना ही सारी कामे मुली आणि स्त्रिया करीत. अक्षरओळख सर्वांना होती. यांतील बहुतेक मुली शेतकरी आणि कष्टकरी जातींतून आलेल्या होत्या. शारदा सदनाप्रमाणे केवळ उच्चवर्णीयांपुरता हा आश्रय राहिला नव्हता. ठरावीक वर्गणी वा निधीच्या भरवशावर न राहता, जे येईल ते ईश्वराकडून आले असे मानून खर्च करायचा, ही रमाबाईंची रीत होती. बाह्यतः ती पित्याच्या रीतीसारखी वाटते. फरक एवढाच आणि निर्णायक होता की रमाबाईंच्या श्रद्धेला श्रमाची आणि हिशेबाची जोड होती. आलेल्या देणग्यांचा आणि खर्चाचा वृत्तांत मित्रमंडळींना कळविला जाई. ईश्वरावर भार टाकणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे, हे त्या माळावरच्या प्रत्येक विहिरीने आणि मागाने दाखवून दिले.

१९०५ मध्ये मुक्तीत धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. शेकडो मुली रात्रंदिवस प्रार्थना, पश्चात्ताप आणि भक्तीच्या उन्मेषात मग्न झाल्या. ख्रिस्ती जगतात या घटनेचा बोलबाला झाला. काहींना त्यातील भावनावेग अतिरेकी वाटला. रमाबाईंनी तो दडपला नाही आणि त्याचे प्रदर्शनही मांडले नाही. कामाचे वेळापत्रक सुरूच राहिले. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो टाळणे उचित नव्हे. दुष्काळातून वाचविलेल्या मुलीने वाचविणाऱ्याचा धर्म स्वीकारणे हा कितपत तिचा स्वतंत्र निर्णय असतो? वाँटेजच्या रमाबाईंनी जो प्रश्न सिस्टर जेराल्डिनना केला असता, तोच मुक्तीतील एखाद्या बुद्धिमान मुलीने रमाबाईंना केला असता तर काय उत्तर मिळाले असते? निश्चित उत्तर देणे कठीण आहे. मात्र रमाबाईंनी या मुलींच्या हाती जे साधन ठेवले, ते अशा प्रश्नाला वाव देणारे होते. ते साधन म्हणजे वाचता येणे, आणि वाचण्यासाठी त्यांना समजेल अशा भाषेतले शास्त्र.

६

रमाबाईंच्या आयुष्याची अखेरची सुमारे पंधरा-सोळा वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. प्रचलित मराठी बायबल हे शिकलेल्या वर्गाच्या मराठीत आहे, मुक्तीतील खेडवळ स्त्रीला ते कळत नाही, अशी त्यांची धारणा होती. मूळ अर्थ पारखता यावा म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छापणे, बांधणे ही कामे मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केली. एका स्त्रीने मूळ भाषांतून बायबलचे संपूर्ण भाषांतर करावे आणि स्त्रियांनीच ते छापावे, ही घटना मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात असाधारण आहे.

या भाषांतराचे वाङ्मयीन मूल्यमापन करताना त्यातील विरोधाभास नजरेआड करता येत नाही. जिला संस्कृतच्या व्यासंगाबद्दल सरस्वती ही पदवी मिळाली, तिने संस्कृत शब्दांना जाणीवपूर्वक बाजूला सारले. त्यामागे दोन कारणे होती. संस्कृत शब्द सामान्य स्त्रीला दुर्बोध होते, हे एक. आणि हिंदू तत्त्वज्ञानातून आलेल्या शब्दांबरोबर त्यांचे मूळ अर्थसंकेतही येतात, हे दुसरे. पहिले कारण लोकाभिमुख आहे, दुसरे मतनिष्ठ. पहिल्याने भाषेला बळ आले, दुसऱ्याने काही ठिकाणी ती आखडली. मूळ शब्दाला धरून राहण्याच्या कटाक्षामुळे वाक्यरचना अनेकदा मराठीच्या वळणापासून दूर जाते. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत हे भाषांतर रूढ झाले नाही. बायबल सोसायटीची आवृत्तीच चालत राहिली. याच पिढीत रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्तभक्तीला अभंगाचे रूप देऊन संतपरंपरेशी तिचे नाते जोडीत होते. टिळकांनी जुन्या शब्दांत नवा आशय भरला. रमाबाईंना नव्या आशयासाठी जुन्या संकेतांपासून मोकळा शब्द हवा होता. काव्यदृष्ट्या टिळकांचा मार्ग अधिक फलदायी ठरला, यात शंका नाही. परंतु रमाबाईंची वाचक निराळी होती. अभंगाची परंपरा कानांवर असलेल्या रसिकासाठी त्या लिहीत नव्हत्या. कालपरवा अक्षर ओळखू लागलेल्या स्त्रीला मध्यस्थावाचून शास्त्र वाचता यावे, एवढेच त्यांना साधायचे होते. पित्याने एका स्त्रीला संस्कृत शिकविण्यासाठी अरण्य पत्करले. कन्येने सर्व स्त्रियांसाठी शास्त्रच संस्कृताबाहेर आणले. एकाच कार्याचे हे दोन टप्पे म्हणता येतील.

७

अखेरची वर्षे देहाच्या दुर्बलतेची आणि वियोगाची होती. मनोरमा हीच मुक्तीची भावी कारभारीण, अशी सर्वांची अपेक्षा होती. आईच्या खांद्याला खांदा लावून तिने ही संस्था उभी केली होती. २४ जुलै १९२१ रोजी तिचे निधन झाले. ज्या स्त्रीने आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती यांचे मृत्यू तिशीच्या आत पाहिले, तिच्या वाट्याला एकुलत्या एका कन्येचा मृत्यू वार्धक्यात आला. रमाबाईंनी संस्थेची पुढील व्यवस्था लावली आणि भाषांतराच्या मुद्रितांचे काम चालू ठेवले. ते हातावेगळे झाल्यानंतर लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे त्यांचा अंत झाला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्तीचे कार्य त्यांच्या पश्चातही केडगावी चालू राहिले.

रमाबाईंच्या चरित्राचे फलित एखाद्या पक्षाच्या बाजूने मांडण्याचा मोह अभ्यासकाने आवरला पाहिजे. त्यांनी धर्मांतर केले म्हणून त्यांच्या समाजकार्याचे मोल कमी होत नाही. त्यांचे समाजकार्य थोर म्हणून त्यांच्या धर्मविषयक भूमिकेतील पेच नाहीसे होत नाहीत. स्वतःच्या आत्म्याचा कारभार त्यांनी अन्य कोणाच्या हाती जाऊ दिला नाही, ना शास्त्र्यांच्या, ना बिशपांच्या. इतरांनी विश्वासाने दिलेले द्रव्य आणि संकटाने त्यांच्या दारी आणलेली माणसे यांचा कारभार त्यांनी अखेरपर्यंत निष्ठेने सांभाळला. या दोन निष्ठांमध्ये ताण होता, आणि १८९३ च्या प्रकरणात तो उघडा पडला. त्या ताणातून त्यांनी शोधलेली वाट पूर्णतः निर्दोष नव्हती. पण ती चोरवाट नव्हती. ज्यांच्यावर आपली सत्ता चालते त्यांच्या हाती अखेर अक्षर, उद्योग आणि ग्रंथ देऊन जाणे, म्हणजे आपल्यावाचून चालण्याचे सामर्थ्य देणे, ही विश्वासू कारभाऱ्याची खूण मानली, तर केडगावचा हिशेब रमाबाईंच्या बाजूने उभा राहतो. अनंतशास्त्र्यांच्या आश्रमात अतिथी तृप्त होऊन जात आणि आश्रम रिता होई. मुक्तीतून बाहेर पडणारी स्त्री काही शिकून, काही कमावून बाहेर पडे, आणि तिच्यामागे दुसरीसाठी जागा शिल्लक असे.